तिरळेपणाचे ऑपरेशन आणि त्यानंतरचा आठवडा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बेळगाव येथे भरलेल्या सभासद-मेळाव्यात एका निवृत्त नेत्रवैद्यांनी केलेले भाषण)



आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षे पूर्ण केली, या आनंदाच्या प्रसंगी मला चार शब्द बोलण्यास बोलावले, याबद्दल मी चालक मंडळींचा आभारी आहे. मी वक्ता नव्हे. माझे सारे आयुष्य अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या डोळ्यांत डोकावण्यात गेले. त्यामुळे भाषणाची सवय नाही आणि सुभाषितेही पाठ नाहीत. चिटणीसांनी मात्र मला सोपी वाट दाखविली. ते म्हणाले, "डॉक्टर, गौरवाची भाषणे पुष्कळ होतील. तुम्ही काहीतरी लोकांच्या उपयोगाचे सांगा." म्हणून मी एक लहानसा विषय निवडला आहे. समारंभाच्या दिवशी तो थोडा अप्रिय वाटेल. पण आपल्या ट्रस्टच्या कामाशी त्याचा जवळचा संबंध असल्यामुळे आपण तो गोड मानून घ्याल अशी आशा आहे.

विद्यार्थ्यांना पुस्तके आणि फीची मदत, यापासून आपले काम सुरू झाले. पुढे वैद्यकीय मदतीचा फंड निघाला आणि त्यातून काही वर्षांपासून तिरळ्या मुलांच्या ऑपरेशनांना पैसे दिले जाऊ लागले. हे काम उत्तम आहे. त्याविषयी प्रथम दोन शब्द बोलतो आणि मग मुख्य मुद्द्याकडे वळतो.

आपल्याकडे तिरळेपणाविषयी दोन समजुती आहेत आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत. घरात म्हणतात, तिरळे मूल नशीबवान असते. डोळ्याला हात लावू नका. शाळेत त्याच मुलाला चकणा, हेकणा म्हणून चिडवतात. मुलगी असेल तर ती लग्नाची होईपर्यंत कोणी काही करीत नाही, आणि स्थळे पाहण्याची वेळ आली की आईबाप घाईघाईने दवाखान्याची पायरी चढतात. तोपर्यंत मुख्य नुकसान होऊन गेलेले असते. कारण तिरळेपणा हा केवळ दिसण्याचा दोष नाही. दोन डोळे दोन दिशांना पाहू लागले की मेंदू एका डोळ्याकडून येणारे चित्र हळूहळू सोडून देतो. तो डोळा वरून धडधाकट असतो, पण त्याची नजर कमी पडत जाते. त्याला आपण आळशी डोळा म्हणतो. सात-आठ वर्षांच्या आत, आणि जितक्या लवकर तितके बरे, चष्मा देऊन व चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून ही नजर पुष्कळदा सुधारता येते. वय वाढल्यावर ऑपरेशनाने डोळा सरळ दिसेल, पण गेलेली नजर सहसा परत येत नाही. शिवाय, क्वचित का होईना, डोळ्याच्या आतील एखाद्या गंभीर रोगाची पहिली खूण तिरळेपणा हीच असते. म्हणून मूल तिरळे पाहते असे वाटले की ते किती लहान आहे याचा विचार न करता डोळे तपासून घ्यावेत.

प्रत्येक तिरळ्या मुलाला ऑपरेशन लागते असे नाही. काहींचे डोळे नुसत्या चष्म्याने सरळ होतात. ज्यांचे होत नाहीत त्यांचे स्नायू सुधारावे लागतात. प्रत्येक डोळ्याला हलविण्यासाठी बाहेरून सहा स्नायू असतात. गाडीच्या बैलाला दोन बाजूंनी कासरे असावेत तसे ते डोळ्याच्या गोळ्याला ओढून धरतात. एक कासरा आखूड व एक सैल झाला की बैल एका अंगाला चालतो. ऑपरेशनात आम्ही एक स्नायू त्याच्या जागेवरून सोडवून थोडा मागे शिवतो, किंवा दुसऱ्याचा तुकडा कमी करून तो आखूड करतो. डोळा बाहेर काढून परत बसवितात ही गोष्ट साफ खोटी आहे. पण अजूनही दर महिन्याला कोणीतरी आजी मला हेच विचारी.

हे ऑपरेशन आजकालचे नाही. बर्लिन शहरात डीफेनबाख नावाच्या शस्त्रवैद्याने २६ ऑक्टोबर १८३९ रोजी एका सात वर्षांच्या मुलाचा तिरळेपणा स्नायू कापून सुधारला. त्या काळी भूल नव्हती. ईथरची भूल १८४६ साली जगासमोर आली. जंतू मारून शस्त्रक्रिया करावी हे लिस्टरने १८६७ साली सांगितले, म्हणजे तेही पुढेच. आज मुलाला पूर्ण भूल देऊन, निर्जंतुक हत्यारांनी, केसाहून बारीक धाग्याने हे काम होते. धागा काही आठवड्यांत आपोआप विरघळतो. बहुतेक मुले त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. एवढे सुरक्षित ऑपरेशन आहे हे मी मुद्दाम प्रथम सांगतो, कारण यापुढे जे सांगणार आहे ते ऐकून कोणी भिऊन मुलाला घरी ठेवावे अशी माझी इच्छा नाही.

आता मुख्य विषय. या ऑपरेशनानंतर क्वचित एखाद्या मुलाच्या डोळ्यात जंतूंची लागण होते. ती दोन ठिकाणी होऊ शकते. एक, डोळ्याच्या गोळ्याबाहेर, म्हणजे पापणीत, टाक्यांच्या जागी किंवा गोळ्याभोवतीच्या खोबणीत. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांचा विचार करता अशी लागण साधारण हजार-दोन हजार ऑपरेशनांमागे एखाद्या मुलास होते. दुसरी, गोळ्याच्या आत. ही फार दुर्मिळ. हिचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत; कोणी साडेतीन हजारांत एक म्हणतो, कोणी लाखाहून अधिकांत एक म्हणतो. आम्ही तिला एन्डॉफ्थॅल्मायटिस म्हणतो. नाव लक्षात ठेवण्याची गरज नाही. हिच्यात डोळ्याची नजर जाते, पुष्कळदा कायमची, एवढे लक्षात असावे.

आपण विचाराल, स्नायू तर डोळ्याबाहेर असतो, मग जंतू आत कसे जातात? स्नायू ज्या पांढऱ्या आवरणाला शिवायचा, ते स्नायूच्या मुळाच्या मागे फार पातळ असते. त्याची जाडी मिलिमीटरचा सुमारे तिसरा हिस्सा. सुई त्या आवरणाच्या जाडीतून आडवी न्यायची आणि आरपार जाऊ द्यायची नाही, यात शस्त्रवैद्याचे कौशल्य. एवढे जपूनही सुई क्वचित खोल जाते, आणि धाग्याबरोबर एखादा जंतू आत शिरतो. बाहेरच्या लागणीला तर तेवढेही कारण लागत नाही. हे जंतू कुठून परक्या ठिकाणाहून यावे लागत नाहीत. ते मुलाच्याच पापण्यांच्या केसांत, नाकात, कातडीवर नित्य वस्तीला असतात. ऑपरेशन संपल्यावर टाक्यांचे धागे तपासून पाहिले तेव्हा, सारी काळजी घेतलेली असतानाही, त्यांतील काहींवर जंतू सापडलेले आहेत. बहुतेक वेळा शरीर त्यांचा बंदोबस्त करते. एखाद्या वेळी करीत नाही.

या बाबतीत एक मोठी सुधारणा झाली तीही मुलांच्या तिरळेपणाचीच ऑपरेशने करणाऱ्या एका डॉक्टरामुळे. लॉस एंजेलिस येथील डॉ. लेनर्ड ॲप्ट हे बालरोगतज्ज्ञही होते आणि नेत्रतज्ज्ञही. त्यांनी व डॉ. शेर्विन आयझेनबर्ग यांनी १९८४ साली दाखवून दिले की पोव्हिडोन-आयोडिनचे सौम्य द्रावण ऑपरेशनापूर्वी डोळ्यात घातले असता तेथील जंतू फार कमी होतात. औषध स्वस्त, तपकिरी रंगाचे, कोणत्याही लहान दवाखान्याला परवडेल असे. आज ठिकठिकाणी ते वापरतात. त्याने धोका कमी झाला. नाहीसा मात्र झाला नाही. ऑपरेशनानंतर जे थेंब देतात त्यांचेही तसेच. थेंब वेळेवर घातले म्हणजे लागण होणारच नाही, असे समजू नये.

मग उरते काय? उरते ती राखण. आणि ही राखण डॉक्टर करू शकत नाही, कारण मूल त्याच्याजवळ नसते. याचा धडा मला ज्या प्रसंगाने मिळाला तो आज आपल्यासमोर सांगतो. आजवर मी तो चारचौघांत सांगितलेला नाही.

१९९४ सालच्या आषाढातील गोष्ट. खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाच्या एका गावातून पाच वर्षांचा एक मुलगा आला होता. बाप दुसऱ्याच्या शेतात राबणारा, आई घरची व बाहेरची कामे करणारी. ऑपरेशन व्यवस्थित झाले. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, डोळा सरळ दिसत होता, आईच्या डोळ्यांत पाणी आले. मी नेहमीप्रमाणे सांगितले, "डोळा लाल दिसेल, थोडी सूज येईल, घाबरू नका. थेंब घाला आणि आठ दिवसांनी दाखवायला आणा." यात एकही शब्द खोटा नव्हता. अशी लाली, अशी सूज सर्व मुलांना येते, आणि भितऱ्या आईबापांनी रोज धावत येऊ नये म्हणून आम्ही सगळेच डॉक्टर हे वाक्य बोलत असू.

तिसऱ्या दिवशी मुलाला कणकण आली. पापणी सुजून मिटली. मूल जेवेना, खेळेना, नुसते पडून राहू लागले. आई म्हणत होती, काही तरी बिघडले आहे. बाप म्हणत होता, डॉक्टरांनी सांगितले आहे सूज येते म्हणून. बाहेर पाऊस कोसळत होता, ओढ्यांना पाणी आले होते, वस्तीची गाडी दोन दिवस गावापर्यंत येत नव्हती. शिवाय पुन्हा शहरात यायचे म्हणजे दोन माणसांचे भाडे आणि दोन दिवसांची मजुरी बुडणार. ऑपरेशनाचा खर्च एका धर्मादाय फंडातून झाला होता. गाडीभाड्याचा विचार ना त्या फंडाने केला होता, ना मी. ती दोघे सहाव्या दिवशी आली. तीही आठ दिवस पुरे व्हायच्या आधी आलो म्हणून ओशाळून दारात उभी राहिली.

मी बॅटरी घेऊन पाहिले आणि मला कळून चुकले. डोळ्याच्या आत पू झाला होता. त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात पाठविले. तेथे डोळ्यात इंजेक्शने दिली, पुढचे ऑपरेशनही केले. डोळ्याचा आकार राहिला, उजेड राहिला नाही. बापाने माझ्यावर आवाज चढविला नाही. तो एवढेच म्हणाला, "तुम्हीच सांगितलासा न्हवं, डॉक्टर, सूज येती म्हणून."

त्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. मी सूज येते हे सांगितले होते. कोणती सूज चालायची आणि कोणती नाही, हे सांगितले नव्हते. आठ दिवसांनी या असे सांगितले होते; त्याआधी केव्हाही या, मध्यरात्री आलात तरी चालेल, हे सांगितले नव्हते. एवढी दोन वाक्ये बोलायला अर्धा मिनिटसुद्धा लागला नसता. लवकर आला असता तर डोळा वाचलाच असता असे मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही, कारण आतली लागण इतकी वाईट की वेळेवर येऊनही पुष्कळ डोळे जातात. पण त्या मुलाला ती संधी मिळायला हवी होती, आणि ती मिळाली नाही.

दुसरी हकिकत २००९ सालची. चंदगड तालुक्यातील चार वर्षांची मुलगी. दोन्ही डोळ्यांचे ऑपरेशन झाले होते. यावेळी मी शहाणा झालो होतो. मी त्या कुटुंबाला गावी जाऊ दिले नाही. शहापुरात त्यांचे पाहुणे होते, त्यांच्याकडे आठवडाभर राहायला सांगितले, आणि धोक्याच्या खुणा समजावून सांगितल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच आजी नातीला कडेवर घेऊन पायरीवर बसलेली. मला पाहताच उठून म्हणाली, "डॉक्टर, आजची तारीख न्हाई, मला ठावं हाय. पर पोरगी काल सांजेपास्नं जेवंना झालीया. भावली दिली तर हातात घेईना." मुलीला ताप होता. उजवी पापणी सुजली होती, डावी मात्र आदल्या दिवसापेक्षा उतरलेली. डोळ्याचा गोळा थोडा पुढे आल्यासारखा वाटत होता आणि हलविताना ती कळवळत होती. डोळ्याच्या आत लागण नव्हती, बाहेर खोबणीत होती. तासाभरात तिला इस्पितळात दाखल केले, शिरेतून प्रतिजैविक औषधे सुरू झाली, सिटी स्कॅन करून पू साठला आहे का ते पाहिले. चार दिवसांत सूज उतरली. मुलीची नजर राहिली आणि डोळेही सरळ राहिले.

मंडळी, दोन मुलांना झालेली लागण एकच नव्हती, हे मी मान्य करतो. परंतु बाहेरची लागणसुद्धा दुर्लक्ष केले तर नजरेवर जाते, आणि फार पसरली तर जिवावर बेतते. औषधे दोन्ही वेळी मिळत होती, डॉक्टरही तोच होता. फरक इतकाच की आजी शहरात होती, तिला काय पाहायचे ते माहीत होते, आणि तारीख नसताना येण्याची तिला मोकळीक दिलेली होती.

आता येथे बसलेल्या माताभगिनींनी पुढील गोष्टी नीट ऐकाव्यात. घरी मुलाचे ऑपरेशन नसले तरी शेजारी, नात्यात कोणाचे होईल तेव्हा उपयोगी पडतील.

प्रथम जे नेहमीचे आहे ते सांगतो. डोळ्याचा पांढरा भाग लाल दिसणे, पापणीला हलकी सूज, डोळ्यात काही खुपल्यासारखे वाटणे, आसवांत थोडा तांबूसपणा, सकाळी पापणीला थोडे चिकट येणे, पहिल्या दिवशी मूल किरकिर करणे, हे सर्व साधारण आहे. यांची एक ओळख पक्की धरावी. ही लक्षणे रोज थोडी थोडी कमी होतात. काल होती त्यापेक्षा आज कमी, आजपेक्षा उद्या कमी. लाली जायला दोन-तीन आठवडे लागतात, पण तिची वाट उतरणीची असते.

धोक्याच्या खुणांची वाट चढणीची असते. पहिल्या दोन दिवसांत कमी झालेली सूज तिसऱ्या दिवशी पुन्हा वाढली, तर ती पहिली खूण. दोन्ही डोळ्यांचे ऑपरेशन झाले असून एकच डोळा अधिक लाल, अधिक सुजलेला दिसू लागला, तर ती दुसरी. ताप आला तर तिसरी. ताप सर्दीचा असेल, पावसाचा असेल, असे घरच्या घरी ठरवू नये. पिवळा-हिरवा पू येणे, डोळा पुढे आल्यासारखा दिसणे, डोळा हलेनासा होणे, बुबुळावर पांढुरकी झाक येणे, उजेड सोसवेनासा होणे, दुखणे वाढत जाणे, नजर कमी झाल्याची तक्रार, या उघड खुणा झाल्या. पण सर्वांत आधी दिसणारी आणि सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाणारी खूण डोळ्यात नसतेच. ती मुलाच्या वागण्यात असते. मूल मलूल होते, आवडीचा पदार्थ ढकलून देते, खेळणे बाजूला ठेवून निजून राहते. त्या आजीने बाहुलीची गोष्ट सांगितली तेव्हा अर्धे निदान तिनेच केले होते. जी मुले लहान आहेत, ज्यांची वाढ मागे आहे, ज्यांना दुखते हे बोलून सांगता येत नाही, त्यांच्या बाबतीत तर याच एका खुणेवर भिस्त ठेवावी लागते.

या खुणा बहुतेक वेळा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान दिसतात, क्वचित आठवडा उलटल्यावरही. एखादी दिसली तर तास मोजावेत, दिवस मोजू नयेत. जंतू अनुकूल जागा मिळाली की अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होऊ शकतात. संध्याकाळी पाहिलेली सूज सकाळपर्यंत ठेवू नये. डॉक्टर रागावतील ही भीती मनातून काढून टाकावी. दहा वेळा विनाकारण आलेल्या आईला मी कधी हसलो नाही. एकदा उशिरा आलेली आई मात्र मी जन्मभर विसरलो नाही.

घरगुती उपायांविषयी थोडेसे. डोळ्यात दूध, अंगावरचे दूध, मध, तूप, एरंडेल, गुलाबपाणी, हळदीचे पाणी, काजळ यांतले काहीही घालू नये. हेतू मायेचा असतो, पण टाके ओले असलेल्या डोळ्यात त्यांबरोबर जंतू जातात. औषधाच्या दुकानातून लाल डोळ्याचे थेंब स्वतःच्या मनाने आणू नयेत. त्यांतील काही लागण झाकून ठेवतात व वाढू देतात. थेंब घालताना हात साबणाने धुवावेत आणि बाटलीचे टोक पापणीला लावू नये. डोक्यावरून पाणी घेणे, नदी-विहिरीत पोहणे डॉक्टर परवानगी देईपर्यंत बंद ठेवावे. आपल्या भागात यात्रांत भंडारा आणि गुलाल उधळतात. तेवढे दिवस मुलाला त्यापासून दूर ठेवावे, देव रागावणार नाही.

ऑपरेशनाच्या आधीचीही एक गोष्ट आहे. मुलाला सर्दी-पडसे असेल, ताप असेल, पापणीवर रांजणवाडी असेल, पापण्यांच्या मुळाशी कोंड्यासारख्या खपल्या असतील, अंगावर पिकलेला फोड असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. अशा वेळी ऑपरेशन पुढे ढकलणे शहाणपणाचे असते. पण आईबाप हे लपवितात. का लपवितात ते मला ठाऊक आहे. मोठ्या खटपटीने तारीख मिळालेली असते, रजा घेतलेली असते, आणि सर्वांत मोठी भीती ही की तारीख गेली तर मंजूर झालेली मदतही जाईल. नाक पुसून, तापाची गोळी देऊन मुलाला टेबलावर आणलेले मी पाहिले आहे. त्यात त्या आईबापांचा दोष थोडा आणि आपल्या नियमांचा दोष अधिक.

येथे मी आपल्या ट्रस्टकडे येतो. विश्वस्तांपुढे माझ्या चार विनंत्या आहेत आणि त्या मी सुवर्णमहोत्सवाची ओवाळणी म्हणून मागतो.

पहिली, मंजूर झालेली मदत ऑपरेशन पुढे ढकलल्यामुळे रद्द होणार नाही, असे पत्रातच छापावे. मग कोणी सर्दी लपविणार नाही.

दुसरी, बाहेरगावच्या मुलासाठी ऑपरेशनानंतर निदान पाच दिवस आईसह शहरात राहण्या-जेवण्याची सोय करावी. त्यासाठी इमारत बांधायला नको. आपल्या सभासदांपैकी शहापूर, टिळकवाडी, अनगोळ भागांत ज्यांच्या घरी एखादी खोली रिकामी आहे, त्यांनी वर्षातून एकदा एका मायलेकराला पाहुणे म्हणून ठेवून घेतले तरी काम होईल. आपल्या लोकांत पाहुणचार नवा नाही.

तिसरी, प्रत्येक कुटुंबाला एका जादा खेपेचे भाडे आगाऊ द्यावे, आणि हे पैसे कशासाठी हे स्पष्ट सांगावे. खेप करावी लागली नाही तर ते परत मागू नयेत. ज्या बापाच्या खिशात भाडे आहे, तो पावसात वाट पाहत बसत नाही.

चौथी, मी सांगितलेल्या खुणांचे एक कार्ड मराठीत आणि कानडीत छापावे, कारण मदत घेणारी मुले दोन्ही भाषांची आहेत. त्यावर रात्री-अपरात्री उचलला जाईल असा फोन नंबर द्यावा. शिवाय आपल्या महिला शाखेतील एका भगिनीने तिसऱ्या दिवशी आपण होऊन त्या आईला फोन करावा आणि तीन प्रश्न विचारावेत: सूज कमी की जास्त? ताप आहे का? मूल जेवते-खेळते का? हे विचारायला डॉक्टर असावे लागत नाही. आज घरोघरी, गावोगावी फोन आहे. १९९४ साली त्या गावात एकच फोन होता, आणि त्याचीही तार पावसाने पडली होती. आता ती सबब आपल्यापाशी राहिलेली नाही.

या चारी गोष्टींचा मिळून खर्च ऑपरेशनाच्या खर्चापुढे थोडा आहे. आजवर आपण मदतीचा हिशेब ऑपरेशनाच्या दिवशी बंद करीत आलो. तो आठवा दिवस संपेपर्यंत उघडा ठेवावा, एवढेच माझे सांगणे. हजारांतील नऊशे नव्याण्णव वेळा फोन करणाऱ्या भगिनीला "सगळे ठीक आहे" हेच उत्तर मिळेल, आणि कदाचित तिला वाटेल की आपण उगीच फोन करतो. तिने तसे मानू नये. ती त्या एका मुलासाठी फोन करीत असते. ते मूल कोणते हे आधी कळत नाही, म्हणून सर्वांना करावा लागतो.

शेवटी पुन्हा एकदा सांगतो, या भाषणाने भिऊन कोणी तिरळ्या मुलाला घरी ठेवू नये. लागणीने जितके डोळे गेले असतील त्याच्या कितीतरी पट डोळ्यांची नजर वेळेवर उपचार न केल्यामुळे मंदावली आहे. ऑपरेशन लागत असेल तर जरूर करावे, वेळेवर करावे, आणि त्यानंतरचा आठवडा जागे राहावे.

तो खानापूरकडचा मुलगा आज मोठा झाला आहे. त्याला स्वतःची मुलगी आहे. दोन वर्षांपूर्वी तो तिला घेऊन माझ्याकडे आला. तिचा डोळा किंचित आत वळत होता. मी आता ऑपरेशन करीत नाही, म्हणून तिला माझ्या एका विद्यार्थ्याकडे पाठविले. नुसत्या चष्म्याने तिचे काम झाले. जाताना तो म्हणाला, "काका, ऑपरेशन लागलं असतं तर आठ दिवस इथंच राहणार होतो, खोली बघून ठेवलेली." त्याने माझ्यावर विश्वास ठेवून आपली मुलगी माझ्यापुढे आणली, हे त्याचे मोठेपण. ती खोली त्याला स्वतःच शोधावी लागली, ही मात्र आपणा सर्वांची उणीव आहे. पुढच्या बापाला ती शोधावी लागू नये.